मालेगावच्या बाजारातला उपरण्याखालचा हात

धाकटा भाऊ वसंत नाशिकच्या सरकारी कचेरीत होता. ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात तो घरी येऊन म्हणाला, "ताई, परदेशातून एक बाई आल्यात. मालेगावचे माग बघायचेत. सोबतीला बाईमाणूस हवं. तुला इंग्रजी येतं ना?"

"वाचता येतं. बोलता कुठे येतं?"

"तिथे कोण परीक्षा घेणारे?"

फुकट गाडी म्हटलं की मला आधी शंकाच येते. पण यजमान गेल्यापासून त्यांची रिकामी खुर्ची बघत बसले होते. निघाले.

अ‍ॅम्बेसेडरमध्ये पुढे ड्रायव्हर आणि वसंत. मागे मी, त्या परदेशी मारियाबाई आणि त्यांच्या सरकारने नेमलेले दिल्लीचे एक सल्लागार. बाई त्यांच्या सरकारच्या प्रतिनिधी; त्यांचा छोटा देश जागतिक व्यापाराच्या करारात शिरू पाहत होता. त्यासाठी बाहेरच्या कापडावरची जकात किती उतरवायची, ते ठरायचं होतं. फार उतरली तर बाईंच्या गावचे माग बंद पडणार. मोठ्या देशांशी बोलणी सल्लागार करत. "बाईंनी फक्त सही करायची," ते हसून मला हिंदीत म्हणाले.

ते हसणं मला आवडलं नाही. यजमान गेल्यावर त्यांच्या नोकरीचं एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातलं क्वार्टर सोडताना माझे दीरही असेच हसले होते. "वहिनी, तुम्ही आत बसा, मी बोलतो साहेबांशी." काय बोलले ते मला कधी कळलंच नाही.

पिंपळगावला रस्त्यावरच द्राक्षं घेतली. तुम्हीही घ्या, पण एक मणी चाखून मगच. चांदवडचा घाट तेव्हा ट्रकमागून रांगत चढावा लागे. आता रस्ता रुंद झालाय. भाकरी-ठेचा मी घरूनच नेला होता. सल्लागारांनी नको म्हटलं, बाईंनी दोनदा घेतला.

मालेगावात मागांचा खडखडाट गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो. बाई कान देऊन उभ्या राहिल्या. "माझ्या वडिलांच्या घरी हाच आवाज," त्या म्हणाल्या. मी ते रशीदभाई विणकरांना सांगितलं.

"आवाजात आम्ही मस्त झोपतो," ते म्हणाले. "बंद पडला की झोप उडते, बाई."

परतताना गुरांच्या बाजारापाशी गाडी अडकली. (जाणार असाल तर बाजाराचा वार आधी विचारून घ्या.) बाई उतरल्या, मागोमाग आम्हीही. एका गाईचा सौदा चालला होता. दलालाने उपरण्याखाली व्यापाऱ्याचा हात धरला, बोटं दाबली. मग गाईच्या मालकाकडे येऊन तसंच केलं. आकडा बोटांच्या खुणेनेच, तोंडाने कोणी बोललं नाही.

"व्यापारी किती म्हणाला, ते मालकाला कळलं?" बाईंनी विचारलं.

मी मालकाला विचारलं. तो बागलाणकडचा. "नही, ताई. गाय मनी शे. त्याना आकडा दलालले माहीत."

गाय याची, आणि आकडा दलालाला माहीत. मी जमेल तसं इंग्रजी केलं. सल्लागार म्हणाले, "मजेशीर जुनी पद्धत आहे." बाई हसल्या नाहीत.

गाडी सुटली. मग बाई सल्लागारांना म्हणाल्या, "मोठ्या देशांशी तुम्ही बोलता, तेव्हा मी कुठे असते?"

"शेजारच्या खोलीत. मी येऊन सांगतोच ना सगळं."

"पुढच्या वेळी मी आत बसणार. नाहीतर सही नाही."

"तसा रिवाज नाही, मॅडम."

"रिवाज आत्ताच बघितला."

दुसऱ्या दिवशी वसंत चिडून आला. "ताई, तू बाईंना काय शिकवलंस? ते सल्लागार तक्रार करत होते."

"मी फक्त गाईबद्दल विचारलं."

बाईंना आत बसू दिलं का, त्यांच्या गावचे माग राहिले का, मला ठाऊक नाही. व्यापाराच्या करारांच्या बातम्या तेव्हापासून वाचते. खोलीत कोण होतं, ते त्यात कधीच नसतं.

त्या रविवारी मात्र मी दिरांकडे गेले. "या वहिनी, आत बसा, चहा होतोय," ते म्हणाले.

मी बाहेरच्या खोलीत त्यांच्यासमोरची खुर्ची ओढून बसले. "चहा राहू द्या, भाऊजी. क्वार्टरच्या वेळी साहेब काय म्हणाले, ते पहिल्यापासून सांगा."