लोखंडाचं भोक उसवत नाही

माझी बायको वाजवल्याशिवाय काही घ्यायची नाही. मडकं, नारळ, फणस, कौल, सगळ्याला बोटाचं पेर मारायची आणि कान लावायची. मुरबाडच्या बाजारातला कुंभार ती लांबून दिसली की चांगली मडकी आपणहून पुढे काढायचा. "मला मात्र न वाजवता घेतलंस," मी म्हणायचो. "काय करू, बापूस मधी बसला व्हता," ती म्हणायची, "नायतर वाजवलंच असतं."

गावात तिला दाभण म्हणत. भाताच्या गोणी शिवायचं दाभण कायम तिच्या अंबाड्यात खोचलेलं, हे एक कारण. दुसरं कारण तिची जीभ. शेजारच्या म्हातारीने एकदा तोंडावर म्हटलं, "गो, किती टोचून बोलतेस!" तर ही म्हणाली, "मंग आत्ये, गोणी काय पिसाने शिवायची?"

मी चौथी शिकलेला माणूस. मुरबाडला एका कारखान्यात वेल्डिंग करायचो. नव्वद सालानंतर कधीतरी तो कारखाना बंद पडला. चुलतभावाने भिवंडीला काम बघितलं. तिथे खोली घेऊन राहायचं आणि महिन्यातून एकदा घरी यायचं. मी हो म्हणणार होतो. ती त्या दिवशी कोणालाच टोचून बोलली नाही, तेव्हा मी घाबरलो. संध्याकाळी म्हणाली, "पडवी रिकामी हाय. हितंच ग्रिली करा, फाटकं करा. भिवंडीला माणूस जातो आणि येतो तो पावणा म्हणून."

वेल्डिंग मला येत होतं. नडत होतं ते भोक. हातातल्या ड्रिलने भोक तिरकं जायचं. पहिलं फाटक केलं त्याच्या बिजागऱ्या एकमेकींशी बोलेनात. मालकाने ते सुतळीने बांधून ठेवलं. उभं ड्रिल मशीन पाहिजे होतं, टेबलावर बोल्टाने बसवायचं, दांडा ओढला की भोक पाडणारं बिट सरळ खाली उतरणारं. ऐपत एकाच मशीनची होती, तीही स्वस्तातल्या. ते चुकलं असतं तर भिवंडी ठरलेली.

शहापूरला एका दुकानात आम्ही दोघं गेलो. कोरं निळं मशीन होतं, बटण लाल, पाच स्पीडचं. मला तिथेच आवडलं. खरं सांगतो, मी रंगाला भुललो. खिशात हात घातला तेवढ्यात हिने अंबाड्यातलं दाभण काढलं.

"शेट, ह्ये त्याच्या तोंडात आवळ आनी चालू कर."

दुकानदार हसला, पण बिट धरणाऱ्या चकमध्ये ते आवळलं. बटण दाबलं. दाभणाचं टोक जागेवर राहीना, हवेत गोल काढायला लागलं.

"नाचतंय," ही म्हणाली.

"बाई, तुमचं दाभणच वाकडं असेल."

हिने दाभण काढून घेतलं आणि त्याच्याच काउंटरच्या काचेवर सोडलं. ते न अडखळता घरंगळत पलीकडे गेलं, म्हणजे सरळच होतं. तरी दुकानदार म्हणाला, "एवढं चालतं हो. हे काय शिलाई मशीन आहे?"

"म्हनून तर बघते. शिवनीचा टाका चुकला तर उसवता येतो. लोखंडाचं भोक कसं उसवशील, बाबा?"

मी लाजेने रस्त्यावर आलो होतो. तिच्यावर चिडलो. "तुला काय कळतं मशीनमधलं?" म्हटलं. ती म्हणाली, "मशीनमधलं नाय कळत. जात्याचा खुंटा ढिला आसला की पीठ जाडं पडतं, येवढं कळतं." मशीन न घेताच आम्ही परतलो.

पुढे कोणीतरी भातसानगरच्या कॉलनीतल्या एका फिटरचा पत्ता दिला. तो रिटायर होऊन गावी निघाला होता, घरचं मशीन काढायचं होतं. ते बघून माझं तोंडच पडलं. रंग उडालेला, पट्टा चिरलेला, टेबलावर गंज. पण हिने आधी ओतीव खांबाला पेर मारून आवाज ऐकला, मग दाभण लावायला सांगितलं. मशीन फिरायला लागलं आणि दाभण जागच्या जागी. फिरतंय की थांबलंय ते कळेना. फिटरने आमच्याकडे बघितलं, मग आत ओरडून चहा टाकायला सांगितला. मला म्हणाला, "अख्खी नोकरी मी चकचं हे हलणं डायलचं घड्याळ लावून मोजत आलो. ही बाई केसातून काढते!"

"लाइट मंदावली तर फिरंल का?" हिने विचारलं. आमच्या गावात लाइट मंदच असायची.

"हळू फिरेल, ताई, पण सरळ फिरेल."

"मंग आमच्या घरातलाच हाय," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

टेम्पोत मागे मशीनला धरून तीच बसली. मला म्हणाली, "तुमी म्होरं बसा, तुमाला रंग बघायचे आस्तील."

मग पडवीत काम सुरू झालं ते थांबलंच नाही. सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत माझी फाटकं गेली, आणि सगळी लागतात. पहिल्या दसऱ्याला तिने मशीनची पूजा केली, चकलाच झेंडूचा हार घातला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मी न बघता बटण दाबलं. झेंडू कौलांपर्यंत उडाला, गिऱ्हाइकाच्या टोपीत, डाळीच्या पातेल्यात. मला वाटलं आता सोलते. ती खाली बसून पोट धरून हसली. "देवच घुमाया लागला गो!" म्हणून आळीतल्या बायकांना हाका मारल्या. पुढे कौलं शाकारायला काढली की सुकलेल्या पाकळ्या पडायच्या.

दोन हजार सालानंतर तिला आजार लागला. फार दिवस अंथरुणावर नव्हती. एका दुपारी जवळ बोलावलं, म्हणाली, "वाकवा डोकं." मला वाटलं कानात काही सांगायचंय. तिने माझ्या कपाळावर पेर मारलं आणि डोळे मिटून ऐकलं.

"चीर नाय," म्हणाली. "टिकाल तुमी."

दोन दिवसांनी गेली. बायकांनी तिला न्हाऊ घालताना अंबाडा सोडला आणि दाभण माझ्या हातात आणून दिलं.

आता ते चकमध्येच असतं. काम आलं की काढतो, काम संपलं की परत आवळतो आणि बटण दाबून बघतो. अजून हलत नाही. मी घरीच आहे.