हेटीच्या शंखावरचा वण

क्लिफर्डचं नाव काढलं तरी अजून माझं डोकं सणकतं. आणि हेटीबद्दल सांगायचं तर त्याचं नाव काढावंच लागतं, कारण तो तिचा धाकटा भाऊ. बायको गेल्यावर बॅग घेऊन आला आणि तिच्याच घरी ठाण मांडून बसला.

हेटी माझी शेजारीण. व्हिटबीजवळच्या आमच्या समुद्रकाठच्या गावात तिने तीस वर्षं माशांना धुरी देण्याचं काम केलं, आणि तितकीच वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर फुटके जीवाश्म सांधले. लोक कड्याखालचे गोटे हातोडीने फोडतात, आतल्या शंखाचे तुकडे करतात आणि मग तोंड पाडून हेटीकडे येतात. तिचा हट्ट एकच, जोड दिसला पाहिजे. "नसलेलं भरून रंगवायचंय? मग दुसरीकडे जा," असं ती तोंडावर सांगायची. लोक तिला तिरसट म्हणायचे. होतीच ती तिरसट.

गेल्या हिवाळ्यात तिला स्वतःलाच एक अमोनाइट, म्हणजे समुद्री जिवाचा दगड झालेला शंख, सापडला. बशीएवढा, वळसेदार. बाहेरच्या वळशावर करंगळीच्या पेराएवढा उंचवटा होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी कोणीतरी चावा घेतला होता, आणि आतल्या जिवाने जिवंतपणीच ती जागा पुन्हा भरून काढली होती. हेटीने मला भिंग दिलं. "बघ, यानं स्वतःच स्वतःला सांधलंय." तिला इतकं हरखलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. विद्यापीठातल्या ओल्डरॉइडबाई तो वण बघायला गुरुवारी येणार होत्या. तिच्याकडचं काही बघायला एखादं शिकलेलं माणूस पहिल्यांदाच तिच्या घरी येणार होतं.

मंगळवारी हेटी डोळे दाखवायला स्कारबरोला गेली. क्लिफर्डला नेमकी त्याच दिवशी धूळ पुसायची हुक्की आली. शंख फरशीवर पडला, दोन तुकडे झाले. बरं, पाडलास तर पाडलास, हात तरी लावू नकोस. हेटीने तासाभरात जोडला असता. पण नाही. कपाटाचं दार अडकतंय म्हणून थाप मारून त्याने माझ्याकडून पॉलिशपेपर नेला. मीही अशी शहाणी की मागितला एक, दिले दोन. तो राग माझा मलाच गिळवत नाही.

संध्याकाळी बसथांब्यावरून हेटीची पिशवी घेऊन मीच तिच्याबरोबर आत गेले. शंख टेबलावर चकाकत होता. भेगेत गाडीला भरतात ती लांबी, वर बुटाचं काळं पॉलिश.

"जोड शोधून दाखव," क्लिफर्ड छाती काढून म्हणाला.

हेटीने बाहेरच्या वळशावर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "इथला उंचवटा कुठाय?"

"तो होय? घासून टाकला. तुझंच कधीतरी ओबडधोबड राहिलेलं असणार. म्हटलं, बाई येणार, उगाच शोभा व्हायला नको."

माझे हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू. हेटी मात्र कोटही न काढता फोनपाशी गेली आणि बाईंना म्हणाली, येऊ नका, बघण्यासारखं काही राहिलं नाही.

"अगं, असं काय करतेस?" क्लिफर्ड म्हणाला. "एवढा तुझा जोड लाडका असेल तर घाल की पुन्हा."

"माझा असता तर घातला असता," हेटी म्हणाली. "तो त्या जिवाचा होता."