आत गणपती आहे

पेंढाकाका सुपारीच्या रोपांच्या प्रत्येक खोक्यावर जाड मार्करने लिहायचे, "आत गणपती आहे. आपटू नये." आत गणपती नसायचा. काथ्यात गुंडाळलेली, वीतभर उंचीची, दोन-तीन पानांची सुपारीची रोपं असायची. या एका वाक्यावरून मी त्यांच्याशी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशीही भांडले नसेन.

माझी रोपवाटिका खांब गावात, हायवेला लागून. काका पेणजवळच्या हमरापूरचे. उभा जन्म गणपतीच्या मूर्ती भाताच्या पेंढ्यात बांधून परगावी पाठवण्यात गेलेला, म्हणून पेंढाकाका. गणपती बसले की त्यांचे हात रिकामे, आणि माझी रोपं पाठवायची घाई नेमकी तेव्हाच. मूर्तीचा कान तुटू न देणारा माणूस रोपाचं पान काय तोडणार, म्हणून मी त्यांना बोलावलं. विचार बरोबर होता. फक्त ते किती वेळ लावतील याचा विचार मी केला नव्हता.

सुपारी वाळूच्या वाफ्यात दाटीनं रुजत घालतात. रोपं वर येईपर्यंत खाली मुळांचा नुसता गुंता होतो. मी आपली मुठीत धरून रोप ओढायची. पाचातलं एखादं तुटायचं, बाकीची सुटायची. काका अख्खा गड्डा पाण्याच्या टबात ठेवायचे आणि चहा प्यायला बसायचे! मग पाण्यातल्या पाण्यात हलवत, वाळू झडू देत, एकेक मूळ बोटानं बाजूला करायचे. "ओढायचा नाय गो बाय, सोडवायचा," असं दिवसातून वीसदा.

"अहो काका, चारला कुरिअरची गाडी जाते!"

"जाऊ दे. उद्या नाय काय गाडी?"

"उद्या पण हेच म्हणाल."

"व्हय, म्हणेन ना."

काय बोलणार, कपाळ!

बांधणीतही तेच. मुळं ओल्या काथ्यात, पानं कोरडी, फटीत सुका पेंढा, खोक्याला हवेची भोकं. एवढ्यावर भागत नसे. चिकटपट्टी लावून झाली की काका खोका कानाशी धरून हलवायचे. आत जरा जरी खसखसलं की पट्टी फाडून पुन्हा पहिल्यापासून. मी बांधलेला एक खोका त्यांनी तीनदा उघडला. तिसऱ्यांदा मला रडूच आलं, रागानं. त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि चौथ्यांदा हलवून बघितला.

आणि वर तो गणपती. कुरिअरचा माणूस म्हणायचा, "ताई, मूर्ती असेल तर तसं लिहून द्या, आमचे नियम वेगळे आहेत." एका गिऱ्हाइकाच्या आईनं तर पाटावर तांदूळ घालून, निरंजन लावून खोका उघडला होता. तिनं फोनवर माझा जो उद्धार केला तो मी जसाच्या तसा काकांना ऐकवला. ते शांतपणे म्हणाले, "खोटा काय हाय त्यात? पूजेत पानावर सुपारी मांडून भटजी गणपतीच म्हणतो ना? मग हा पण गणपतीच." मला जास्तच संताप आला.

वादळ झालं त्या वर्षी गुहागरकडच्या एका बाईंचा फोन आला. त्यांची सुपारीची अख्खी वाडी आडवी झाली होती. सासरे म्हणत होते, विकून टाकू, आता कोण नव्यानं लावतंय. बाईंनी त्यांच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की पाऊस आहे तोवर रोपं लागली तर वाडी राहील. "दोनशे पाठवा ताई. जिवंत पाठवा," त्या म्हणाल्या.

प्रत्येक रोपाच्या बुडाशी रुजलेली सुपारी लटकत असते. कुरिअरवाला म्हणाला, एवढे जड खोके घेणार नाही. मी म्हटलं, रोप तर उगवलं, आता त्या सुपारीचं काय काम? टाका पिळून. काकांनी टबावर दोन्ही हात आडवे धरले. "ती त्याची शिदोरी हाय गो. मुळाला अजून खायला येत नाय. वाटेत काय खाईल तो?"

"काका, तुमचं गणपतीचं ज्ञान गणपतीत ठेवा. रोपातलं मला कळतं."

त्यांनी हात पुसले, पिशवी उचलली आणि हायवेवर जाऊन पेणच्या एसटीला हात दाखवला. मी हाक मारली नाही. दोनशेच्या दोनशे सुपाऱ्या काढल्या, रोपं भराभर ओढून वेगळी केली, खोक्यांवर 'काळजीपूर्वक हाताळा' अशी छापील पट्टी चिकटवली आणि चारची गाडी गाठली. केवढा आनंद झाला होता मला त्या दिवशी!

दहा दिवसांनी बाईंचा फोन. "ताई, रोपं उभीच राहिली नाहीत हो." त्या ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते. त्या ओरडल्याच नाहीत. फोन ठेवून मी तडक हमरापूर गाठलं. काका अंगणात पेंढा निवडत होते. माफीचं वाक्य मी एसटीत चारदा म्हणून बघितलं होतं, पण त्यांनी ते तोंडातून निघूच दिलं नाही.

"वाफ्यात किती रवलेत?"

"सव्वादोनशे."

"पाऊस हाय अजून?"

"आठवडाभर असेल."

"मग बसू नको. चल."

दोन दिवस आम्ही टबाशी बसलो. खोके लहान केले, दुप्पट झाले. काकांनी प्रत्येकावर गणपती लिहिला आणि मी निमूटपणे त्यांना मार्कर दिला. पुढच्या आठवड्यात बाई सांगत होत्या, सगळी उभी आहेत, सासरे स्वतः खड्डे घेतायत. मी फोन काकांच्या कानाला लावला. ते एवढंच म्हणाले, "वाजला नव्हताच खोका."

पुढे दरवर्षी ते येत राहिले आणि मी भांडत राहिले. स्वभाव काय जातो? गेल्या दिवाळीनंतर ते दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. जन्मभर कशाची म्हणून घाई केली नाही या माणसानं, ती नेमकी इथे करायची होती? मला अजून राग येतो.

माघात कुरिअरचा माणूस एक खोका दोन्ही हातांवर धरून आला. "ताई, गणपती आलाय." अनोळखी अक्षरात वर लिहिलं होतं, "आत गणपती आहे. आपटू नये." खाली नाव पेंढाकाकांचं, पत्ता माझा. मी आधी तो कानाशी धरून हलवला. वाजला नाही. आत पेंढ्यात पिकलेल्या केशरी सुपाऱ्या होत्या, आणि चिठ्ठी, गुहागरच्या नव्या वाडीचा पहिलाच घड. काका गेल्याचं मी बाईंना कळवलंच नव्हतं. गिऱ्हाइकं बघत होती, तरी मी तिथेच मोठ्यानं रडले.

त्या सुपाऱ्या मी वाफ्यात घातल्या. परवा रोपं वेगळी करायला बसले. गड्डा पाण्यात ठेवला, चहा प्याले, चारची गाडी जाऊ दिली. एकही ओढलं नाही. तरी एका रोपाची सुपारी सुटून हातात आलीच. मी घाबरून मान वर केली. बोलणी खायला मी तयार होते, पण बोलणार कोण?