बघू, आधी लागू तर दे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मीनलला, म्हणजे माझ्या बायकोला नाही. मुलाला तर नाहीच — त्याला यातलं अर्धं माहीत आहे आणि उरलेलं अर्धं त्यानं कधी विचारलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणाऱ्यांत माझं नाव फार चांगलं आहे, आणि तीच तर अडचण आहे.

नाव चांगलं म्हणजे काय, तर मी सल्ला देतो. फुकट. बारावीचे निकाल लागले की पुण्याला लागून असलेल्या मांजरीतल्या आमच्या सोसायटीत आणि तिथल्या जुन्या गावातही लोक म्हणतात, सरांना विचारा. मी शिक्षक वगैरे नाही. हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी करतो. पण मुलगा अकरावीत असताना रविवारी त्याच्याबरोबर आणखी दोन-चार पोरांना गणित शिकवायचो, तेव्हा 'सर' चिकटलं ते चिकटलंच. सरकारी कॉलेज घ्यावं की प्रायव्हेट? कॉलेज बघावं की ब्रँच? त्या दिवसांत पुण्यात दुसरा विषय नसतो. मी चष्मा पुसतो, पाणी पितो आणि दोन्ही बाजू मांडतो. दोन्ही बाजू मांडणारा माणूस लोकांना निःपक्षपाती वाटतो. मलाही मी तसाच वाटायचो.

मी स्वतः सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो. त्याचं नाव नको — जे झालं त्यात कॉलेजचा काही दोष नाही. वडील कारकून होते, प्रायव्हेटची फी आम्हाला झेपलीच नसती. त्या कॉलेजनं मला उभं केलं, असं मी आयुष्यभर सांगत आलो. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब करावा लागायचा. लोखंडाचे दोन तुकडे कानशीनं घासून घासून एकमेकांत असे बसवायचे की मधून उजेड दिसता कामा नये. हाताला फोड यायचे. माझा तो जॉब अजून आमच्या हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवलेला आहे. ओंकार, माझा मुलगा, लहानपणी तो खेळायला घ्यायचा आणि मी त्याला सांगायचो, तू पण तिथंच जायचं. किती वेळा सांगितलं असेल! त्याला विचारलं मात्र एकदाही नाही.

रविवारच्या त्या पोरांमध्ये ऋतुजा होती. ओंकारच्याच वर्गातली. मांजरीतली मूळची माणसं ही; आमची सोसायटी उभी आहे ती जमीनसुद्धा तिच्या भावकीतली. वडलांना सगळे तात्या म्हणतात. घरी ऊस, ट्रॅक्टर. ट्रॅक्टर बिघडला की तात्यांच्या शेजारी ही बसणार, कोपरापर्यंत ग्रीस माखून. एका रविवारी तिनं टीव्हीखालचा माझा जॉब उचलला, दोन्ही तुकडे बसवले, ट्यूबलाइटसमोर धरले आणि म्हणाली, "सर, इथून थोडा उजेड येतोय."

मी हसलो. एवढ्या वर्षांत ते कुणी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी बोललं नसतं. मला तिचं कौतुकच वाटलं — खरंच वाटलं, तुम्हाला मानायचं नसेल तर मानू नका, पण वाटलं. तिला शिकवताना मला जो आनंद व्हायचा तो ओंकारला शिकवताना झाला नाही. ओंकारला शिकवताना मी ओरडायचो.

मग प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. ओंकारचा सरकारी कॉलेजचा विषयच संपला. कुठल्याच ब्रँचला तो बसत नव्हता. ऋतुजाला तिथं मेकॅनिकल नक्की मिळणार होतं, आणि तिला तेच हवं होतं. कॉम्प्युटर हवं असेल तर मात्र एका प्रायव्हेट कॉलेजात मिळण्यासारखं होतं. ओंकारनं निकाल पाहिला, खांदे उडवले आणि जेवायला बसला. त्याला फार वाईट वाटलेलं दिसलं नाही. जेवण मला गेलं नाही. आणि मला सारखं काय दिसत होतं माहीत आहे? ती वर्कशॉपमध्ये उभी आहे, हातात कानस, माझ्या जागेवर. साध्या मराठीत याला पोटात दुखणं म्हणतात. मी त्याला बरेच दिवस दुसरी नावं देऊन पाहिली.

दोन दिवसांनी तात्या तिला घेऊन आले. सोबत पिशवीभर मक्याची कणसं. सोफ्याच्या अगदी कडेवर बसले आणि म्हणाले, "सर, आमाला ह्यातलं काय बी कळत नाय. तुमी सांगाल तेच लिवायचं."

मी चष्मा पुसला.

आता हे नीट ऐका, कारण त्या संध्याकाळी मी एकही खोटं वाक्य बोललो नाही. सरकारी कॉलेजात प्राध्यापकांच्या जागा भरत नाहीत, तासावर येणारे लोक शिकवतात — खरं आहे. मशिनं जुनी आहेत, काही तर माझ्याही आधीची. ऑफिसात एका सहीसाठी हेलपाटे घालावे लागतात, साहेब कायम जेवायला गेलेले असतात. हॉस्टेलच्या जेवणाबद्दल मी एक किस्सा सांगितला, तात्या हसले. मेकॅनिकलच्या मुलींना कारखान्यात घ्यायला अजूनही काही लोक कां-कूं करतात, हेही सांगितलं. ते सांगताना मी तात्यांकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. कॉम्प्युटरला कसं, एसीत बसून काम. घरापासून कंपनीची बस.

आणि दुसरी बाजू? मांडली की. "फी कमी आहे, नाव मोठं आहे, ते आहेच." संपलं. एका श्वासात. ज्या कॉलेजबद्दल मी लग्नाच्या पंगतीत पाहुण्यांना पकडून बोललोय, त्याच्या बाजूनं माझ्याकडे त्या दिवशी तेवढंच वाक्य होतं. तिथली लायब्ररी, तिथं भेटणारी पोरं, एकमेकांना आयुष्यभर धरून ठेवणारे सिनिअर, गॅदरिंगच्या आधी वर्कशॉपमध्ये झालेली धमाल — हे सगळं मला त्या क्षणी आठवत होतं. आठवत होतं आणि मी गप्प होतो. भाजीवाला बोलता बोलता अंगठ्यानं पारडं दाबतो ना, तसं. वजनं खरी असतात, भाजी खरी असते.

मंडईत याला काटा मारणं म्हणतात. सुशिक्षित माणसानं केलं की मार्गदर्शन.

तात्यांना पटलं. फीचं बघून घेऊ म्हणाले. ऋतुजा मात्र तशीच बसून होती, जॉबचा एक तुकडा हातात फिरवत. तिला पटलं नव्हतं, पण मी सांगितलेलं पटत नाही असं म्हणायची तिला सवय नव्हती. शेवटी तिनं विचारलं, "सर, समजा कॉम्प्युटर पहिलं टाकलं आणि ते लागलं, आणि मला मेकॅनिकलच पाहिजे असं वाटलं, तर पुढच्या राउंडला चेंज करता येईल ना?"

इथं तुम्हाला नियम सांगायला हवा. पसंतीक्रमात दुसऱ्या, तिसऱ्या किंवा त्याखालच्या नंबरची जागा मिळाली, तर ती हातात ठेवून पुढच्या फेरीत वर सरकायची वाट बघता येते. पण पहिल्याच नंबरची मिळाली की ती आपोआप पक्की. पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. तुम्हीच मागितलं होतं, दिलं — मग आता काय? माहितीपुस्तिकेत हे छापलेलं असतं. तिची पुस्तिका माझ्या टेबलावर होती, तात्यांनी आल्या आल्या माझ्याकडेच दिली होती. आणि मला ती लागतही नव्हती. नियम मला पाठ होता.

मी म्हणालो, "बघू. आधी लागू तर दे."

हे पुण्याचं 'बघू' आहे. यात हो नसतं, नाही नसतं. उद्या कुणी जाब विचारला तर आपण काहीच म्हटलेलं नसतं. दुकानदार म्हणतो, घरमालक म्हणतो, मुलीकडच्यांना नकार देणारे म्हणतात, आणि आपण पुणेकर ते बरोबर ओळखतो. पण ती पोर मूळ मांजरी गावातली. त्यांच्यात सर बघू म्हणाले म्हणजे सर बघतील. तिनं मान डोलावली. माझ्याच लॅपटॉपवर, माझ्यासमोर तिनं पहिल्या नंबरला कॉम्प्युटर टाकलं आणि दुसऱ्या नंबरला सरकारी मेकॅनिकल. मी बाजूला बसून स्पेलिंग तपासलं.

ते दोघं गेल्यावर ओंकार आतल्या खोलीतून बाहेर आला. त्यानं ऐकलं होतं. फ्रीजमधून पाणी काढलं, प्यायला, आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही तर म्हणायचात, तुमच्या कॉलेजसारखं दुसरं कॉलेज नाही."

मी म्हणालो, काळ बदलतो. तो बरं म्हणाला. त्यानंतर त्यानं मला कशाबद्दलही सल्ला विचारलेला नाही. कॉलेज त्याचं त्यानं निवडलं, नोकरी त्याची त्यानं, आता बंगळुरूला असतो, दर रविवारी फोन करतो, छान बोलतो. हवापाण्याचं.

पहिली यादी लागली त्या दुपारी ऋतुजाचा फोन आला. मी ऑफिसात होतो. "सर, पहिलाच लागला," ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता. तिनं ठरवलं होतं, तिला मेकॅनिकलच हवं होतं, तात्यांशीही ती बोलली होती. आता बदलायचं कसं, एवढंच तिला विचारायचं होतं. मी तिला नियम सांगितला. कसा सांगितला? हळहळत. मला वाटलं तुला माहीत असेल, असंही म्हणालो. ती म्हणाली, "असू दे सर. माझीच चूक. मी वाचायला पाहिजे होतं."

मी 'नाही गं' म्हणू शकलो असतो. दोन शब्द! मी म्हणालो, होतं असं कधी कधी.

तुम्ही म्हणाल, झालं काय मग, पोरगी बुडाली का? नाही बुडाली. तेच तर. बुडाली असती तर मी केव्हाच कुणाच्या तरी पायाशी बसून रडलो असतो. फीसाठी तात्यांनी रस्त्याकडेचा उसाचा तुकडा बिल्डरला दिला. कधीतरी दिलाच असता, असं मी स्वतःला सांगतो, आणि तिथं उठलेली इमारत आमच्या गॅलरीतून दिसते. ती शिकली, चांगल्या मार्कांनी पास झाली. हिंजवडीलाच नोकरीला आहे. कधी कधी मगरपट्ट्याच्या पुढं सिग्नलला तिच्या कंपनीची बस माझ्या गाडीशेजारी थांबते. खिडकीशी कानात इअरफोन घालून डोळे मिटून बसलेली असते. सगळेच तसे बसलेले असतात. पण ट्रॅक्टरखालून बाहेर आलेला तिचा चेहरा मी पाहिलेला आहे, आणि त्या बसमध्ये तो कुणाजवळच नाही, हे मला माहीत आहे. पगार चांगला आहे. दिवाळीला येते, वाकून नमस्कार करते. मीनल म्हणते, बघा, तुमच्यामुळं मार्गी लागली पोर. माझ्यामुळं!

मागच्या महिन्यात ती आली, चुलतबहिणीला घेऊन. साक्षी, यंदाची बारावी. तोच प्रश्न, तेच दोन पर्याय. मी चष्मा पुसायच्या आत ऋतुजाच साक्षीला सांगायला लागली — प्राध्यापकांच्या जागा भरत नाहीत, मशिनं जुनी आहेत, साहेब कायम जेवायला गेलेले. माझीच वाक्यं. त्याच क्रमानं. हॉस्टेलच्या जेवणाचा किस्सासुद्धा, आणि साक्षी त्याच जागी हसली जिथं तात्या हसले होते. मग ऋतुजा म्हणाली, "पण सरांना विचार. सर दोन्ही बाजू सांगतात."

मला ते ऐकवेना. मी साक्षीला सगळं सांगितलं. लायब्ररी, सिनिअर, वर्कशॉप, हाताला येणारे फोड. कमी फीमुळं बापाच्या मानेवर ओझं न ठेवता शिकण्यात काय सुख असतं ते. तुला मनापासून हवं असेल तर सरकारीच पहिल्या नंबरला टाक, म्हणालो. आणि नियम सांगितला. सावकाश, दोनदा. "पहिला लागला की पक्का होतो. मग मागं फिरता येत नाही. नीट ध्यानात ठेव."

ऋतुजानं टीव्हीखालचा जॉब उचलला होता. दोन्ही तुकडे बसवून ती ते ट्यूबलाइटसमोर धरून बघत होती. तिकडंच बघत म्हणाली, "सर, मला हे नव्हतं सांगितलं तुम्ही."

आवाजात राग नव्हता. मला वाटतं ती फक्त आठवत होती. मीनल आत चहा गाळत होती. साक्षी मोबाइलवर काहीतरी टिपून घेत होती. हे जे आत्ता तुम्हाला सांगितलं ते तिला सांगायची वेळ तीच होती, समोर येऊन बसलेली.

मी म्हणालो, "सांगितलं होतं की गं. तू विसरली असशील."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग जॉब खाली ठेवला, होता तिथंच.

"असेल," ती म्हणाली.

मी सांगितलं नव्हतं. आणि ती विसरली नव्हती.