गैरहजर मुलीचं अक्षर

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी रोज कॉलेजात असायचे आणि रोज गैरहजर असायचे. यात माझी काही हुशारी नव्हती. 'कमवा आणि शिका' योजनेत मला काम मिळालं होतं, आणि त्या योजनेतलं 'कमवा' तेवढं सक्तीचं होतं.

नव्वदच्या दशकाचा शेवट. वडील पेठ वडगावला टेम्पो चालवायचे. कोल्हापूरच्या हॉस्टेलवर सोडताना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "एक वरीस बघणार. न्हाय जमलं तर गप घरला यायचं." घरी गेल्यावर काय, ते न सांगता ठाऊक होतं. आत्याचा मुलगा शिरोलीला फौंड्रीत नुकताच कायम झाला होता आणि आत्या माझ्याकडे फार मायेनं बघायला लागली होती.

अक्षर चांगलं म्हणून मला कॉलेजच्या ऑफिसात घेतलं. खोलीतली माझी मैत्रीण गडहिंग्लजच्या पलीकडची. तिचं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, म्हणून तिला बाग मिळाली. काम दोन तासांचं आणि वर्ग भरायच्या आधी, असं कागदावर होतं. पण हेडक्लार्क, ज्यांना प्राचार्यांसकट सगळे भाऊसाहेब म्हणायचे, ते कागदाला भीक घालणारे नव्हते. "एवढं एक संपीव की गं," म्हणायचे, आणि ते एक कधीच संपायचं नाही. बागेत तरी काय वेगळं? नळाला पाणी नेमकं पहिल्या तासाला यायचं.

आमचा वर्ग ऑफिसला लागूनच होता. मधल्या खिडकीतून हजेरी ऐकू यायची. एकदा माझा नंबर पुकारला आणि मी टेबलावरूनच "येस सर" म्हणून ओरडले. इंग्रजीचे सर एरवी पंख्याकडे बघून शिकवायचे. त्या दिवशी त्यांनी प्रथमच मान खाली केली, आवाज भिंतीतून आल्याची खात्री करून घेतली आणि मला गैरहजर मांडलं.

दिवाळीनंतर भाऊसाहेबांनी कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. हजेरी कमी असलेल्यांच्या घरी कळवायचं होतं. मजकूर सगळ्यांना एकच: 'आपल्या पाल्याची उपस्थिती असमाधानकारक असल्याने पाल्यास परीक्षेस बसू दिले जाणार नाही. समक्ष भेटावे.' यादीत मैत्रिणीचं नाव होतं. त्याखाली माझं.

"भाऊसाहेब, मी तर हितंच असते की!"

"मग? हजेरी हापिसात घेत्यात व्हय? लिव."

मला इतका संताप आला की मी लिहिलंच. शाळेत बक्षीस मिळवलेलं सगळं वळण त्या कार्डावर ओतलं. तिचंही लिहिलं. पेटीत टाकल्यावर डोकं थंड झालं. राग भाऊसाहेबांवर होता, पण लग्न माझं होणार होतं. शिवाय वडगावचा आमचा पोस्टमन पोस्टकार्ड आधी स्वतः वाचायचा, मग गल्लीला सांगायचा आणि सवड मिळाली तर घरात द्यायचा.

वडील आले ते टेम्पो घेऊनच. म्हणजे ट्रंक न्यायलाच. 

त्यांनी पोस्टकार्ड टेबलावर आपटलं. "हे कुणी लिवलं?"

"कॉलेजनं. बसा पावणं," भाऊसाहेब म्हणाले.

"कॉलेजला हात कवा फुटलं? अक्षर माज्या पोरीचं हाय. ती कॉलेजात येत न्हाय, हे तिनंच कॉलेजात बसून मला कळवलंय व्हय?"

टाइपरायटर थांबला.  वडिलांचा आवाज टेम्पोच्या इंजिनावर पोसलेला, त्यामुळे प्राचार्य आपण होऊन बाहेर आले. त्यांनी पोस्टकार्ड वाचलं, हजेरीपट बघितला आणि हसू दाबत म्हणाले, अर्ज द्या, हिचे ऑफिसातले तास धरू. अर्ज मीच लिहिला. वडिलांनी सही ठोकली. "आत्याला काय सांगायचं ते मी बघतो," म्हणाले आणि रिकामा टेम्पो घेऊन परत गेले.

मी त्या संध्याकाळी राजारामपुरीत जाऊन दोन प्लेट भेळ खाल्ली. रात्री मैत्रिणीला सगळा प्रकार वडिलांच्या आवाजात करून दाखवला. ती पोट धरून हसली. तिचं कार्ड लांब जायचं होतं, ते अजून पोचलं नव्हतं.

दोन दिवसांनी तिचे वडील आले. चपला दाराबाहेर काढून, हात जोडून. भाऊसाहेबांनी हजेरीपट दाखवला. "चुकी झाली सायेब, पोरीला घेऊन जातो," एवढंच ते म्हणाले. ती मागं उभी होती, नखांत माती. ती रोज कुठं होती ते मला ठाऊक होतं. पण बागेला पाणी घातल्याचं कुठल्या कागदावर दिसतं? सांगणारी मी एकटीच होते, आणि प्राचार्यांची खोली दहा पावलांवर होती. भाऊसाहेब माझ्यावर आधीच खार खाऊन होते. माझ्या अर्जावर प्राचार्यांची सही अजून व्हायची होती. मी भ्याले.

भाऊसाहेबांनी नाव काढायचा अर्ज माझ्याकडे सरकवला. मी तो लिहिला, नेहमीच्या अक्षरात.

"आक्का, आंगठा कुठं करायचा?" तिच्या वडिलांनी मला विचारलं.

मी बोटानं जागा दाखवली.