पोपटांचे बावीस शर्ट

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मास्तरांचं दुकान आहे. मास्तर म्हणजे शिंपी. शाळेशी त्यांचा संबंध एवढाच, की ते शाळेचे गणवेश शिवतात. इस्पितळाचे कोट, बसवाहकांचे सदरे, पहारेकऱ्यांच्या विजारी. चाळीस वर्षांत त्यांच्या मशीनखालून खाकी, राखाडी, पांढरा आणि निळा सोडून पाचवा रंग क्वचितच गेला असेल. माझी शाळेची पहिली चड्डी त्यांनीच शिवली, वाढत्या अंगाची. ती मला तिसरीपर्यंत पुरली.

अशा माणसाच्या मुलीनं लग्न ठरवलं ते समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत, अनवाणी. मुलगी दातांच्या दवाखान्यात काम करते, मुलगा पोहायला शिकवतो. माडाच्या झावळ्यांची कमान, जिकडेतिकडे केळीची पानं आणि अननस, आणि दोन्ही घरच्या पुरुषमंडळींना एकाच कापडाचे शर्ट, असा दोघांचा बेत होता. कापडाचा तागा होणाऱ्या जावयानं आणून थेट टेबलावर ठेवला. मास्तरांनी उलगडला. हिरव्यागार पानांत वीत-वीतभर पोपट.

"पडद्याचं कापड आहे का हे?" मास्तरांनी शांतपणे विचारलं.

"शर्टाचं आहे, बाबा. बावीस शर्ट हवेत," मुलगी म्हणाली.

"बावीस माणसं पोपट घालून वाळूत उभी राहणार."

"तुम्हाला धरून बावीस."

मास्तरांनी टेप गळ्यात अडकवली. एकवीस मापं आठवड्यात झाली. अडलं ते एकच, व्याहीबुवांचं, म्हणजे मुलाच्या वडिलांचं. ते बंदरावर क्रेन चालवायचे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. "लग्नाचे फोटो दाखव," एवढंच त्यांनी मुलाला सांगितलं होतं.

मास्तर उठून त्यांच्या घरी गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. व्याहीबुवा सैल टी-शर्ट घालून खिडकीपाशी बसले होते.

"माप कशाला घेता? मी येत नाहीये."

"नका येऊ. पण बावीस सांगितलेत आणि एकवीस शिवले, तर मला झोप लागायची नाही."

व्याहीबुवांनी डाव्या हातानं लुळा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मास्तर, मला रोज बायको कपडे घालते. लहान पोराचा घालावा तसा हात धरून बाहीत घालते. घरात ठीक आहे. पण पोराच्या लग्नाच्या दिवशी बापाला कुणीतरी कपडे चढवायचे, हे मला सोसायचं नाही."

मास्तरांनी समजूत घातली नाही. "टी-शर्ट काढून शर्ट घालून दाखवा," म्हणाले. "कुठे अडतं ते मला बघू दे." अडलं ते कोपरात, मग बगलेत, आणि शेवटी बटणांत. मास्तरांनी तिन्ही जागा खडूनं स्वतःच्याच शर्टावर मांडून घेतल्या आणि तसेच घरी आले. वाटेत भेटलेल्या दोघांनी विचारलं, भिंतीला घासलात का कुठे.

पुढचे चार दिवस दुकानात अजब प्रकार चालला होता. मास्तरांनी बायकोकडून आपला उजवा हात टेपनं कमरेला बांधून घेतला होता आणि डाव्या हातानं ते एका शर्टाशी झुंजत होते. पहिला कोपरात अडकला, तो उसवला. दुसरा मानेशी ओढला जायला लागला, तोही उसवला. तिसऱ्याला उजव्या बाजूची शिवण बाहीपासून खालपर्यंत मोकळी ठेवली आणि तिथे नि पुढच्या पट्टीला, पर्सला लावतात तशी चुंबकाची बटणं आतून लावली. जवळ आणली की आपोआप चिकटणारी. वरून शोभेची साधी बटणं टाकली. खिशावरचा पोपट मात्र अंगावरच्या पोपटाशी चोचीपासून शेपटीपर्यंत जुळवला. तसा तो सगळ्यांच्याच शर्टावर जुळवला होता, आणि त्यापायी कापड कमी पडून मास्तरांचा स्वतःचा शर्ट तुकडे जोडून झाला होता.

"अहो, तुमच्या पाठीवर मधोमध शिवण आलीये," बायको म्हणाली.

"पाठ मला दिसत नाही," मास्तर म्हणाले.

व्याहीबुवांचा शर्ट त्यांनी खुर्चीवर ठेवला, घालायचा कसा ते एकदा दाखवलं आणि निघून आले. तिकडून काहीच निरोप आला नाही.

लग्नाच्या दिवशी वारा असा सुटला होता, की कमान दोघांनी धरून ठेवली होती आणि नोंदणी करणाऱ्या बाईंनी कागदांवर आपली चप्पल ठेवली होती. आम्ही सगळे शहाळी हातात घेऊन वाळूत पाय भाजत उभे. मास्तर दर दोन मिनिटांनी रस्त्याकडे बघत होते.

बाई आता सही घेणार, तेवढ्यात रिक्षा थांबली. आधी विहीणबाई उतरल्या, मागून काठी टेकत व्याहीबुवा. अंगात पोपट. मुलगा धावतच गेला, पण वडिलांनी काठीनंच त्याला जागेवर जायची खूण केली.

"उशीर झाला," विहीणबाई मास्तरांच्या बायकोला सांगत होत्या. "मला खोलीबाहेर काढलं यांनी. आतून कडी. अर्धा तास मी जिन्यात उभी. दार उघडलं तर तयार होऊन बसलेले." एवढं सांगून त्यांनी पदरानं चष्मा पुसायला घेतला.

व्याहीबुवा मास्तरांजवळ येऊन थांबले.

"कॉलर जरा घट्ट होतेय," ते म्हणाले.

मास्तरांनी एक बोट कॉलरमध्ये घालून पाहिलं. "बुधवारी या. सैल करून देतो."

मग दोघं शेजारीशेजारी खुर्च्यांवर बसले. खुर्च्या वाळूत तिरक्या रुतल्या, तसे दोघंही एकाच बाजूला कलले आणि तसेच कललेले राहून त्यांनी मुलांचं लग्न पाहिलं. सही झाली तेव्हा मास्तरांचे डोळे भरून आले होते. वाऱ्यानं वाळू गेली, असं त्यांनी सांगितलं.

व्याहीबुवा खरंच बुधवारी आले. कॉलर सैल झाली, त्यांनी तशाच आणखी चार शर्टांचं कापड शिवायला दिलं, आणि तेव्हापासून दर बुधवारी ते येतातच. तासभर बसून मास्तरांना शिवणकामातले सल्ले देतात. मास्तर त्यातला एकही ऐकत नाहीत. पण दुकानात स्टुलाशिवाय बसायला काही नव्हतं, तिथे त्यांनी दोन्हीकडे हात असलेली एक दणकट खुर्ची आणून ठेवली आहे, आणि बुधवारी तिच्यावर दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत.