पटाच्या दिवशीची नाडी

तो दवाखान्यात आला की आधी शर्टाची बटणं उघडायचा, माझा हात ओढून छातीवरच्या लांब वणावर ठेवायचा आणि विचारायचा, "पाहा ना कंपोंडरभाऊ, चालू हाये ना?"

चालू असायचंच! लहानपणी मुंबईला नेऊन त्याच्या हृदयातलं भोक शिवलं होतं. ऐंशी सालानंतर मी लाखनीला नोकरीला आलो, तेव्हा गडी पंचविशीचा होता. धान पिकवायचा आणि शंकरपटात बैलजोडी पळवायचा. जोडी हाकण्यात पट्टीचा धुरकरी! पण नागपूरला तपासून ये म्हटलं की बिथरायचा.

"त्या डाक्टरनं पक्कं शिवलं. आता दुसऱ्याले दाखवू कायले? त्याच्या कामावर शक घेतल्यासारखं होते ना!"

घ्या! तुम्हीच सांगा, अशा माणसापुढे काय डोकं फोडावं?

एका वर्षी पट तोंडावर आला असताना मी छातीवर हात ठेवला आणि चरकलो. ठोका मध्येच चुकत होता. आमच्या डॉक्टरांनी नळी लावून साफ सांगितलं, "नागपूरला जा. तोवर जोडी हाकलीस तर मैदानातच पडशील."

"पट सोडू? त्यापेक्षा मेलो तं बरं!"

माझं टाळकंच सरकलं. "बैलाले दर साली नवी नाल ठोकतेस ना? मंग पहिला नालबंद का बेकार होता?"

गडी बटणं लावायचंही विसरला.

पटाच्या दिवशी त्यानं कासरा मेहुण्याच्या हाती दिला. देताना डोळे भरले होते. मग माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी त्याचं मनगट धरलं. झेंडी पडली! धुरळा, आरोळ्या, "हाण गा, हाण!" त्याची नाडी बैलांच्याही पुढे. "खाली बस, येड्या!" असं ओरडत मी स्वतःच उड्या मारत होतो. आणि जोडी पहिली आली हो, पहिली!

"भाऊ," तो धापा टाकत म्हणाला, "चाला आता नागपूरले. माही नाल पाहून घेऊ."

गेलो. गोळ्या सुरू झाल्या. पट झाला की नागपूर, हा त्याचा नेमच झाला. कासरा मात्र पुन्हा धरला नाही. दर पटाला माझ्या हाती मनगट देऊन उभा राहायचा.

पुढे माझी बदली झाली. निरोपाला बसस्टँडवर आला. गाडी हलली तसा खिडकीतून माझा हात ओढून त्यानं छातीवर ठेवला. या वेळी विचारलं काहीच नाही, नुसता पाहत राहिला. अख्खी एसटी बघत होती, तरी मीच ओरडलो, "चालू हाये गा, चालू हाये!"